न आलेल्यांची वही : वस्तीत मानसिक आरोग्याची सेवा कशी उभी करायची

31 वर्षं मी सरकारी नोकरीत सिस्टर होते. निम्मी नोकरी खेड्यातल्या आरोग्य केंद्रांत गेली, निम्मी मानसोपचार वॉर्डात. निवृत्तीनंतर सोलापुरातल्या एका विडी कामगार वसाहतीत आणि दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या दोन गावांत आम्ही काही जणींनी मिळून मानसिक आजारांसाठी आठवड्याची सेवा लावून दिली. ती चालू राहिली, म्हणून आता फोन येतात. कुणी सांगोल्याहून विचारतं, कुणी बार्शीहून. "ताई, आमच्याकडं पण करायचंय, सुरुवात कशी करू?" प्रत्येकाला तेच सांगून झालं, आता लिहूनच काढते.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. शिबिर घेऊ नका. मांडव, फ्लेक्स, पाहुणे, शंभर-दीडशे लोकांची तपासणी, पंधरा दिवसांच्या गोळ्या, आणि फोटो. सोळाव्या दिवशी त्या माणसानं काय करायचं? स्किझोफ्रेनियाच्या (भास-भ्रम होणाऱ्या आजाराच्या) गोळ्या सुरू करून मध्येच बंद पडल्या की आजार उलटतो, आणि घरच्यांची खात्री पटते की औषधाचा उपयोग नाही. पुढच्या वेळी ते दारात उभं करत नाहीत. उदासीनतेच्या गोळ्यांना गुण यायलाच दोन ते चार आठवडे लागतात. पंधरा दिवसांत जो हिरमुसला, तो पुन्हा येत नाही. दर मंगळवारी न चुकता उघडणारी एक खोली, एवढंच सुरुवातीला पुरतं.

हे मला पुस्तकानं शिकवलेलं नाही. मी नोकरीत असताना अशोक चौकाकडचा एक यंत्रमाग कामगार दर महिन्याला औषधाला यायचा. दोन वर्षं ठणठणीत होता, रात्रपाळी सोडून दिवसपाळी धरली होती. मग एका महिन्यात त्याची गोळी साठ्यात नव्हती. "पुढच्या आठवड्यात या," असं सांगून आम्ही त्याला परत पाठवलं. पुढच्या आठवड्यात तो आला नाही. मी त्याच्या नावापुढं 'गैरहजर' लिहिलं आणि पान उलटलं. तीन महिन्यांनी त्याची बायको आली. नवरा घर सोडून गेला होता, अकरा दिवसांनी कुर्डुवाडी स्टेशनवर सापडला, अंगावर धड कपडे नव्हते. ती माझ्यावर ओरडली नाही. म्हणाली, "सिस्टर, तुमच्या वहीत त्यांचं नाव होतं न्हवं?"

होतं. म्हणूनच या लेखातली पहिली सूचना वहीची आहे.

वही कशी ठेवायची

लांब रजिस्टर घ्या. दोन नोंदी दोन ठिकाणी हव्यात. एक नेहमीची: आज कोण आलं, काय दिलं. दुसरी, जी सहसा कुणी ठेवत नाही: आज कोण यायचं होतं आणि आलं नाही. मंगळवारी दुपारी खोली बंद करण्याआधी ही दुसरी यादी लाल शाईनं लिहायची. नाव, वस्तीतली खूण (घर नंबर बहुतेकांना पाठ नसतो, 'पाण्याच्या टाकीमागं, निळं दार' असं लिहा), घरात कोणाशी बोलायचं ते, आणि शेवटची गोळी कोणत्या तारखेला संपणार. शुक्रवारपर्यंत त्या प्रत्येक दारावर कोणीतरी जाऊन आलं पाहिजे. जाऊन आल्यावर समोर कारण लिहायचं. 'आजारी', 'गावाला', 'भाडं नव्हतं', 'सासू नको म्हणते', 'गोळीनं अंग जड होतं'.

सहा महिन्यांनी ही कारणं एकत्र वाचा. तुमची सेवा कुठं गळते ते तिथं कळेल. आमच्याकडं सगळ्यात जास्त वेळा 'अंग जड होतं' आणि 'जीभ जड होते' लिहिलं गेलं. म्हणजे आम्ही गोळी देत होतो, पण काही गोळ्यांनी हातपाय ताठरतात, हे असं होऊ शकतं, झालं तर लगेच सांगा, डोस बदलता येतो, हे कुणी नीट समजावलं नव्हतं. ते समजावायला सुरुवात केल्यावर लाल यादी निम्म्यावर आली.

ही वही कुठल्याही खुर्चीवर पडून राहू देऊ नका. वस्तीत कोणाचं नाव त्यात आहे हे फुटलं, तर मुलीचं लग्न मोडतं. कुलपात ठेवा.

बाहेरच्या देशांनी काय केलं

'एवढ्या गरीब व्यवस्थेत हे कसं जमणार' असं डॉक्टरसुद्धा म्हणतात. त्यांना मी इंडोनेशियातल्या आचे प्रांताची गोष्ट सांगते. 26 डिसेंबर 2004 ची त्सुनामी तिथं आदळली, तेव्हा त्या प्रांताची लोकसंख्या साधारण चाळीस लाख. आपला सोलापूर जिल्हा 2011 च्या जनगणनेत 43 लाखांचा. म्हणजे जवळजवळ आपल्याएवढाच मुलूख, त्यात वर्षानुवर्षांची यादवी, आणि मनोरुग्णालय एकच, राजधानीत. त्सुनामीनंतर बाहेरून मदतीचा ओघ आला. तो तंबूंत आणि तात्पुरत्या समुपदेशनात संपला असता, पण त्यांनी मुख्यतः आरोग्य केंद्रांतल्या नर्सना मानसिक आरोग्याचं शिक्षण दिलं आणि त्यांना घरोघरी पाठवलं. पुढं जिल्ह्यांनी आपल्या अंदाजपत्रकात मानसिक आरोग्यासाठी वेगळी रक्कम ठेवायला सुरुवात केली, जी आधी कुठल्याच जिल्ह्यात नव्हती. 2010 साली त्यांनी साखळदंडात ठेवलेल्या माणसांना सोडवण्याची मोहीमच काढली.

श्रीलंकेतही तसंच. त्सुनामीच्या आधी सेवा मुख्यतः कोलंबोभोवतीच्या मोठ्या रुग्णालयांत एकवटलेली होती. 2005 मध्ये त्यांनी राष्ट्रीय धोरण केलं आणि सेवा जिल्ह्यांकडं न्यायला घेतली. कोसोव्होत 1999 च्या युद्धानंतर विभागवार सामाजिक मानसिक आरोग्य केंद्रं उभी राहिली. या सगळ्यांत मला एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: संकटाच्या निमित्तानं आलेला पैसा आणि लक्ष त्यांनी कायमच्या नोकरीतल्या, त्याच गावच्या माणसांवर खर्च केलं.

आपल्याकडं हे नवीन नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 चा आहे. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं 1980 च्या दशकात शेजारच्या कर्नाटकात बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांचे डॉक्टर आणि कर्मचारी शिकवून, औषधं तिथंच ठेवून करून दाखवलं, आणि त्याच नमुन्यावर 1996 पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. त्याचं पथक जिल्ह्यात असतं. तुमचं पहिलं पत्र त्यांना जायला हवं, कारण निदान आणि औषध लिहून देणं डॉक्टरांचंच काम आहे. मी सांगते ते सगळं त्याच्या आजूबाजूचं.

खोली आणि वार

जिथं लोक ताप-खोकल्याला आधीच येतात, तीच जागा घ्या. दारावर 'मनोरुग्ण' असा शब्द असलेली पाटी लावू नका. आम्ही काहीच लावलं नाही, 'मंगळवारची सिस्टर' एवढंच नाव पडलं. वार निवडताना त्या गावचा बाजाराचा दिवस बघा. त्या दिवशी बाया घराबाहेर पडतात, कुणी विचारत नाही कुठं चाललीस. दिवाळी आली, निवडणूक आली, पाऊस आला, तरी तो वार मोडायचा नाही. एक डॉक्टर येऊ शकले नाहीत तर सिस्टरनं तरी बसायचं.

औषधांचा हिशेब आधी करा. समजा तुमच्याकडं 24 जण रिस्पेरिडोन या स्किझोफ्रेनियाच्या गोळीवर आहेत, 15 जण दिवसाला दोन गोळ्या घेतात आणि 9 जण एक. दिवसाला 39 गोळ्या, महिन्याला 1170. याच्या दुप्पट, म्हणजे 2340 गोळ्या हातात असल्याशिवाय पंचविसावा रुग्ण घेऊ नका. हे कठोर वाटेल, पण कुर्डुवाडी स्टेशन आठवलं की मला वाटत नाही. नवीन माणसाला त्या दिवशी परत पाठवायचं नाही, त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी सोबत न्यायचं. आकडीच्या (फिटच्या) औषधांचा साठाही याच कपाटात ठेवा. आकडीचे रुग्ण लपवलेले असतात, गोळीनं त्यांना चटकन फरक पडतो, आणि तो फरक बघून बाकीच्यांचा विश्वास बसतो. फक्त लग्नाच्या वयाच्या आणि मूल होण्याच्या वयाच्या मुलींना व्हॅल्प्रोएट हे आकडीचं औषध सुरू होत असेल तर डॉक्टरांना आवर्जून विचारा, गर्भाला त्याचा धोका असतो.

दारात बसून बोलणं

हे शिकवायला सगळ्यात जास्त वेळ द्या. सोलापुरात एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी ऐकू येते. 'डिप्रेशन' हा शब्द यातल्या कुठल्याच घरात नाही. आमच्या वसाहतीतली तेलुगू बाई म्हणते, "मनसु बागलेदु," म्हणजे मन बरं नाही. कन्नड घरात "तलि केट्टद" असं वेड्यासाठी म्हणतात, आणि तो शब्द ऐकला की माणूस उठून जातो. मराठीत "लई इचार येत्यात", "छातीवर दगड ठेवल्यागत". झिंबाब्वेत 2006 साली डॉ. डिक्सन चिबांडांनी हरारेमध्ये आज्ज्यांना शिकवून दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसवलं, तेव्हा त्यांनीही तिथल्या लोकांचाच शब्द वापरला, कुफुंगिसिसा, म्हणजे फार विचार करणं. त्या आज्ज्यांच्या कामाची रीतसर चाचणी झाली आणि उदासीनता खरोखर कमी झाल्याचं 2016 मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणून पहिला महिना फक्त शब्द गोळा करा. कोण कशाला काय म्हणतं, लिहून ठेवा.

आता एक भेट सांगते. बाई उंबऱ्यात बसली होती, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. विडी कामगार मान वर न करता बोलतात, हाताला सवय असते. तिचे हात मात्र थांबत होते. पान घेतलं, तंबाखू घातली, वळली, आणि दोरा बांधायच्या आधी हात तसाच राहिला. मी शेजारी जमिनीवर बसले. "काय त्रास होतो?" असं विचारलं नाही. विचारलं, "दिवसाला किती होत्यात आता?"

"पयले हजार व्हायच्या. आता सहाशे पण नाहीत अक्का."

"कधीपासनं?"

"दसऱ्यापासनं."

झोप, भूक, देवाची पूजा, शेजारणीशी बोलणं, एकेक करत विचारत गेले. आणि मग तो प्रश्न, जो विचारायला नव्या मुली घाबरतात: "आता जगूच नये, असं कधी वाटतं का?" तिनं सूप बाजूला ठेवलं.

या प्रश्नानं कुणाच्या डोक्यात नवीन विचार शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस हलका होतो. उत्तर 'हो' आलं तर पुढचे दोन विचाराच: काही ठरवलंय का, आणि घरात काही आणून ठेवलंय का. ठरवलं असेल तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही. शेतकऱ्याच्या घरात असाल तर फवारणीचं औषध त्याच दिवशी घराबाहेर, दुसऱ्याच्या कुलपात. त्याच दिवशी डॉक्टरांकडं. 14416 हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, तो प्रत्येक घरच्या भिंतीवर खडूनं लिहा. आणि कुणी पोलीस केसच्या भीतीनं प्रयत्न लपवत असेल तर सांगा, की 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं, आणि त्याची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य आहे. हा कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे.

त्या बाईच्या कागदावर आम्ही आजाराच्या प्रश्नांच्या गुणांसोबत दर महिन्याला विड्यांचा आकडाही लिहायचो. सहाशे, साडेसहाशे, आठशे. तिला तो आकडा कळायचा, तिच्या नवऱ्यालाही कळायचा. तुमच्या गावात ते दुधाचे लिटर असतील, खुरपलेल्या सऱ्या असतील, शाळेतली हजेरी असेल. असा एक आकडा प्रत्येकाचा शोधा.

देव-देवस्की आणि साखळ्या

आमच्याकडं येणारे बरेच जण आधी कुठल्या ना कुठल्या ठाण्यावर, दर्ग्यावर, गाणगापूरला जाऊन आलेले असतात. त्यांच्या श्रद्धेशी भांडू नका. भांडलात की ते घर तुमच्यासाठी बंद. "अमावास्येला जाऊन या, पण गोळी सोबत न्या आणि चुकवू नका," एवढं म्हणा. गुजरातमधल्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा-दुआ' या नावानं उपचार आणि प्रार्थना एका आवारात चालल्या आहेत. आमच्या गावातल्या एका देवऋषीला मी स्वतः जाऊन भेटले, चहा घेतला, त्याला आकडी आणि भ्रम कसे ओळखायचे ते सांगितलं. आता तो महिन्याला एखादा माणूस आमच्याकडं पाठवतो.

मारहाण, उपाशी ठेवणं आणि साखळी मात्र खपवून घ्यायची नाही. 6 ऑगस्ट 2001 ला तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांना ठेवायच्या एका जागी आग लागली, तेव्हा साखळीनं बांधलेली 28 माणसं पळता न आल्यानं जळून गेली. 2017 च्या कायद्याच्या कलम 95 नं साखळीनं बांधायला सरळ बंदी घातली आहे. पण घरात बांधलेला मुलगा दिसला की लगेच पोलीस आणू नका. बहुतेक आया रडत रडत बांधतात, कारण तो रस्त्यावर ट्रकखाली जाईल ही भीती असते. आधी डॉक्टरांना घरी आणा, औषध सुरू करा, आईला रात्री झोप मिळेल अशी सोय करा, एक शेजारी सोबतीला ठरवा, आणि कुलूप उघडायची तारीख आईच्याच तोंडून ठरू द्या. आम्ही पाहिलेल्या एका घरी ती बाविसाव्या दिवशी ठरली. आईनं कुलूप उघडलं, साखळी गोळा केली आणि विहिरीच्या रहाटाला लावली. कुणी दाद देत नसेल, छळ चालू असेल, तर मग कायदा आहेच.

घरोघरी कोण जाणार

आशाताईंवर आधीच डोंगराएवढं काम आहे. हे फुकट त्यांच्या माथी मारलं तर दोन महिन्यांत बंद पडेल. भेटीगणिक ठरलेला मोबदला द्या, आणि दर पंधरा दिवसांनी दोन तास बसून त्यांचं ऐका. प्रशिक्षण तीन दिवसांत उरकून सोडून देण्यात अर्थ नाही. खरं शिक्षण त्या पंधरवड्याच्या बैठकीत होतं, जिथं एखादी सांगते, "मी त्या घरी गेले आणि मलाच रडू आलं." तिला तिथं रडू द्या. आजारातून उठलेला एखादा रुग्ण किंवा त्याची बायको या कामात आली तर तिच्यासारखी माणसं नाहीत. आमच्याकडं सध्या सगळ्यात जास्त दारं तीच बाई उघडते, जिच्या नवऱ्याचं नाव मी एकदा 'गैरहजर' लिहिलं होतं.

डॉक्टर कोटणीस सोलापूरचे. त्यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 चा, आणि 10 ऑक्टोबर हाच जागतिक मानसिक आरोग्य दिन. 1938 मध्ये वैद्यकीय पथकासोबत ते चीनला गेले, युद्धात होरपळलेल्या मुलखात. तिथं त्यांनी जखमींवर शस्त्रक्रिया केल्याच, शिवाय कॅनडाचे डॉक्टर बेथून यांच्या नावच्या वैद्यकीय शाळेत शिकवलं. 1942 मध्ये बत्तिसाव्या वर्षी ते गेले, पण शिकवलेली माणसं मागं उरली. आम्ही दर 10 ऑक्टोबरला वसाहतीतल्या नव्या कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण सुरू करतो, ते याच विचारानं.

कागद आणि पैसा

मानसिक आजार 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत येतो. दीर्घ आजार असलेल्यांचे प्रमाणपत्राचे अर्ज स्वतः भरून द्या, घरच्यांना ते जमत नाही. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला 5 टक्के दिव्यांग निधी खर्च न होता पडून असतो, त्यातून रुग्णाचं एसटीभाडं निघू शकतं. ग्रामसभेत ठराव मांडा. करमाळ्याच्या टोकावरून सोलापूरला यायचं म्हणजे दिवस मोडतो आणि मजुरी बुडते, हे ठरावात आकड्यांनिशी लिहा. जिल्हा नियोजन समितीकडं औषधांसाठी पत्र देताना 'जनजागृती' हा शब्द टाळा. गोळीचं नाव, महिन्याची संख्या, रुग्णांची संख्या, आणि गेल्या वर्षी किती मंगळवार साठा नव्हता ते लिहा. ही शेवटची संख्या तुमच्या वहीतूनच मिळेल. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

आणखी एक. तुम्ही ज्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना तयार कराल, त्यांची तीन वर्षांत बदली होणार. नवे साहेब येतील, त्यांना यातलं काही माहीत नसेल. म्हणून औषध निर्माण अधिकारी आणि दोन सिस्टर यांनाही सोबतच शिकवा. नवे डॉक्टर रुजू झाले की पहिल्याच मंगळवारी त्यांच्या टेबलावर ती लांब वही ठेवा, लाल शाईचं पान उघडून. आणि त्या आठवड्याच्या यादीतल्या एका घरी त्यांना सोबत न्या, दुपारच्या जेवणाआधी.